ऋतू बदलला की ताट कसं बदलायचं: ऋतुचर्या नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

ऋतुचर्येशी, म्हणजे ऋतूप्रमाणे खाणं-राहणं बदलण्याच्या आयुर्वेदातल्या पद्धतीशी, माझी ओळख झाली ती तोंड आल्यामुळे. एका जुलैत घरात सगळ्यांना सर्दी झाली म्हणून सुंठ, मिरी, दालचिनी, तुळशीचा काढा सुरू केला. आराम पडला. आराम पडला म्हणून चालूच ठेवला. गणपती गेले, नवरात्र आलं, बाहेर ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागलं, तरी माझा सकाळचा कपभर काढा काही सुटला नाही. वर "आमच्याकडे सगळं आयुर्वेदिक" असा तोराही होता. मग छातीत जळजळ, तोंडात फोड, तळपायांची आग. वैद्यांकडे गेले, तर त्यांनी नाडीला हात लावण्याआधी विचारलं, "सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं ते सांगा." मी काढ्यापर्यंत आले आणि ते हसले. "ताई, पाऊस कधीच गेला. तुमच्या स्वयंपाकघरात अजून पडतोय."

त्यानंतर चारेक वर्षं चुकतमाकत जे शिकले, ते इथे क्रमानं मांडते आहे. मी वैद्य नाही, घर आणि नोकरी सांभाळणारी बाई आहे. त्यामुळे औषधांच्या मात्रा इथे सापडणार नाहीत. ताट, झोप, पाणी, व्यायाम एवढंच मिळेल.

एक गोष्ट आधीच सांगते. मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काही असेल, किंवा गरोदरपण असेल, तर पुढचं काहीही सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत.

सुरुवातीला काय लागेल

- एक वही. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण वही स्वयंपाकघरात राहते आणि डोळ्यांसमोर असते.
- घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांची यादी आणि शेवटचे रक्त-लघवीचे रिपोर्ट, एका फाइलमध्ये.
- सुंठ, जिरं, धणे, हिंग, सैंधव, मूगडाळ, तिळाचं तेल, तूप, मध. बहुतेक घरात असतंच.
- उन्हाळ्यासाठी माठ, पावसाळ्यासाठी थर्मास.

महागडी किट, तयार चूर्णांचे संच यांतलं काही लागत नाही. पहिल्या वर्षी मी घेतले होते. अर्धे तसेच मुदत संपून गेले.

१. आधी आठवडाभर नुसतं लिहा

सात दिवस काहीही बदलू नका. उठण्याची वेळ, पोट साफ झालं का, खरी भूक कधी लागली, काय खाल्लं, दुपारी झोप, रात्रीचं जेवण किती वाजता, एवढंच लिहा. हे कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक जण टाळतात. पण पुढे केलेल्या बदलानं फरक पडला का, हे ठरवायला दुसरं काही हाताशी नसतं. माझ्या वहीत पहिल्याच आठवड्यात दिसलं की सहापैकी चार वेळा मी भूक नसताना खात होते. चहाबरोबरची बिस्किटं तर मोजलीसुद्धा नव्हती.

भुकेकडे खास लक्ष द्या. आयुर्वेदात ऋतूचा सगळा हिशेब अग्नीवर, म्हणजे पचनशक्तीवर चालतो. थंडीत ती सर्वांत जोरात असते, पावसाळ्यात सर्वांत मंद. म्हणून तोच डिंकाचा लाडू डिसेंबरात अंगी लागतो आणि जुलैत पोटात दगडासारखा बसतो.

२. ऋतू भिंतीवर नाही, खिडकीबाहेर बघा

पुस्तकात सहा ऋतू दोन-दोन महिन्यांचे, सरळ वाटून दिलेले. शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाल, म्हणजे सूर्य शरीराचं बळ ओढून घेतो तो काळ. वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाल, बळ परत मिळण्याचा. ही मांडणी समजून घ्या, पण तारखांना चिकटू नका. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या मोजणीप्रमाणे ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा. आपल्याकडे तर ज्येष्ठातच पाऊस येतो आणि आषाढात रस्ते वाहत असतात. महिना बघून आषाढभर वाळ्याचं गार पाणी प्यायलात तर सर्दी ठरलेली.

महाराष्ट्रात ढोबळमानानं असं धरते: फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर वसंत, एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत ग्रीष्म, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वर्षा, तिथून दिवाळीपर्यंत शरद, आणि पुढे हेमंत-शिशिर एकत्र, कारण या दोन्हींचे नियम जवळजवळ सारखेच.

त्यातही गावागावात फरक. कोकणातली दमट हवा आणि विदर्भातला कोरडा वणवा यांना एकच नियम लागू होत नाही. आयुर्वेद पाणथळ प्रदेशाला आनूप म्हणतो आणि कोरड्याला जांगल. रत्नागिरीच्या मावशीचा सल्ला अकोल्यात जसाच्या तसा वापरू नका.

३. पंधरा दिवसांचा सांधा नीट ओलांडा

हा लेख घाईत वाचत असाल तर निदान एवढा भाग वाचा. सरत्या ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले ७ दिवस, या काळाला ऋतुसंधी म्हणतात. या पंधरवड्यात जुनी सवय हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची. सवयीचं एकदम तोडलं किंवा नवं एकदम अंगावर घेतलं, तर त्यातूनच आजार होतात, असं अष्टांगहृदय स्पष्ट सांगतं.

मी नेमकं उलट केलं होतं. एक जून उजाडला आणि मी घरात फर्मान काढलं: आजपासून दही बंद, कोशिंबीर बंद, गार पाणी बंद. तिसऱ्या दिवशी मुलगा शेजारी जाऊन सरबत पिऊन आला, नवरा चिडला आणि मला स्वतःला बद्धकोष्ठ झालं.

आता पाव-पाव करत जाते. उदाहरणार्थ, उन्हाळ्यातलं दुपारचं ताक पावसाळ्यात कमी करायचंय:

- पहिले तीन-चार दिवस: पाऊण पेला, त्यात जिरेपूड आणि चिमूटभर सुंठ.
- पुढचे तीन-चार दिवस: अर्धा पेला, फ्रीजमधलं नाही.
- त्यापुढे: पाव पेला, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन.
- शेवटी: रोज नाही, पोट हलकं असेल त्या दिवशीच.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि पोट बिघडलं, तर दोष कोणाचा हे कळत नाही.

४. आता एकेक ऋतू

*पावसाळा.* आयुर्वेद शरीरात वात, पित्त, कफ असे तीन दोष मानतो. उन्हाळ्यात साठलेला वात या दिवसांत उसळतो आणि अग्नी मंद असतो. म्हणून गुडघे बोलू लागतात, पोट फुगतं. अन्न हलकं, ताजं, गरम आणि थोडं स्निग्ध हवं. चवीला किंचित आंबट-खारट चालतं. मूगडाळीची खिचडी वर तूप घालून, कुळथाचं कढण, ज्वारीची भाकरी, लसणाची फोडणी, आलं, हिंग. धान्य जुनं, निदान वर्षभराचं. नवा तांदूळ जड पडतो. तोच घरात असेल तर कोरडाच भाजून मग शिजवा. आमच्या सासूबाई हे कायम करायच्या आणि मी ते त्यांचं खूळ समजत होते.

पाणी उकळून. इथे आयुर्वेद आणि नगरपालिका दोघांचं एकमत आहे. पालेभाज्या या दिवसांत चिखल आणि अळ्या घेऊन येतात, म्हणून श्रावणात त्या बाजूला ठेवण्याची चाल पडली असावी. दोडका, दुधी, पडवळ, भेंडी यांवर भागवा.

दोन सापळे. पहिला भज्यांचा. पाऊस, खिडकी, चहा, कांदाभजी; मी सोडलेली नाहीत, खोटं कशाला बोलू. पण महिन्यातून दोनदा, भूक असताना आणि रात्रीच्या जेवणाऐवजी. दुसरा सापळा उपवासाचा. चातुर्मासातले उपवास मंदावलेल्या पोटाला विसावा देतात, हे खरं. आपण मात्र 'एकादशी अन् दुप्पट खाशी' करतो. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, वर वेफर्स. त्यापेक्षा वरईचा भात आणि पातळ आमटी, किंवा राजगिऱ्याची लाही आणि दूध.

आणि पावसाळ्यात ताप आला तर काढ्यावर दिवस काढू नका. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो हे याच दिवसांतले आजार. ताप उतरत नसेल तर डॉक्टर आणि रक्ततपासणी.

*शरद, म्हणजे आपली ऑक्टोबर हीट.* नवशिके सगळ्यात जास्त इथेच फसतात, कारण याला कोणी वेगळा ऋतू मानतच नाही. पावसाळ्यात साठलेलं पित्त अचानक पडलेल्या कडक उन्हानं खवळतं. आम्लपित्त, तोंड येणं, डोळ्यांची आग, अंगावर पित्त उठणं, डोकेदुखी. पावसाळ्यात उपयोगी पडलेलं सुंठ, मिरी, लसूण, आंबट, खारट हे आता मागे घ्यायचं. चवी बदलतात: गोड, कडू, तुरट. पडवळ, कारलं, दुधी, मूग, आवळा, जुना तांदूळ, साळीच्या लाह्या, दूध, तूप. भूक लागल्यावरच जेवा. दही, तळण, दुपारचं ऊन आणि दुपारची झोप ही चारही टाळा.

कोजागरीचं दूध याच काळात येतं, ते उगाच नाही. चांदण्यात बसणं, गोड दूध पिणं हे दोन्ही पित्त शमवणारं. सर्दी-खोकला असणाऱ्यानं मात्र मध्यरात्री आटवलेल्या दुधाचा तिसरा पेला घेऊ नये.

अडचण होते दिवाळीची. पित्ताचा ऋतू पुरता सरलेला नसताना चकली, शेव, तिखट चिवडा. मी फराळ सोडा असं म्हणणार नाही, आईसुद्धा मला घरात घेणार नाही. पण फराळ सकाळी खा, दुपारचं जेवण त्या मानानं कमी करा आणि रात्री मूगडाळ-भात.

*थंडी.* इथे काही फार सांगायला नको, शरीर स्वतःच मागतं. अग्नी प्रखर असतो आणि रात्र मोठी, म्हणून सकाळी उठताच भूक लागते. ती मारू नका. वजन उतरवण्यासाठी नाश्ता बंद करायला लोक नेमकी थंडी निवडतात, आणि आयुर्वेदाच्या हिशेबानं ती सर्वांत चुकीची वेळ. प्रखर अग्नीला सरपण मिळालं नाही तर तो शरीरालाच जाळतो. बाजरीची भाकरी, लोणी, तीळ, गूळ, उडीद, ऊस, भोगीची भाजी, संक्रांतीचा तिळगूळ. आपल्या सणांनी ताट आधीच वाढून ठेवलंय. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी डिंकाचे लाडू मात्र मोजून खावेत.

*वसंत.* थंडीत साठलेला कफ कोवळ्या उन्हानं पातळ होऊन सुटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी सर्दी, खोकला, जडपणा, भूक मेलेली. आता लाडू, दही, मिठाई आणि दुपारची झोप थांबवायची. ज्वारी, जुना गहू, मूग, कडू-तिखट-तुरट चवी, सुंठेचं पाणी, आणि व्यायाम वाढवायचा. गुढीपाडव्याला कडुनिंबाची चटणी बोटभर चाटून आपण मोकळे होतो. तो ऋतूचा इशारा आहे. नुसत्या त्या एका दिवसानं काही होत नाही.

मध या ऋतूचा. पण गरम पाण्यात मध घालून पिण्याची जी साथ पसरली आहे, ती आयुर्वेदाला मान्य नाही. मध तापवायचा नाही, कडकडीत गरम पदार्थात घालायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, हे बालरोगतज्ज्ञही सांगतात.

शेवटचा सापळा पंख्याचा. पहिल्या गरम दुपारी लोक पंखा पाचवर आणि फ्रीजची बाटली तोंडाला लावतात. आधीच सुटलेल्या कफावर हा मारा, आणि मग खोकला महिनाभर जात नाही.

*उन्हाळा.* गोड, पातळ, थंड, हलकं. कैरीचं पन्हं, कोकम सरबत, सातूचं पीठ, माठातलं वाळ्याचं पाणी, दूध, काकडी, कलिंगड. तिखट, खारट, आंबट कमी. मद्य तर नकोच. आंबे खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा.

इथे सर्वांत मोठा गैरसमज दह्याचा. हाताला गार लागतं म्हणून आपण उन्हाळ्यात वाडगा वाडगा दही खातो. आयुर्वेदाच्या मते दही उष्ण आणि पचायला जड. ग्रीष्म, वसंत आणि शरद या तिन्हींत ते नको म्हटलंय, रात्री तर कधीच नको. पाणी घालून घुसळलेलं गोडसर पातळ ताक ही वेगळी गोष्ट. दही हलवून पाणी मिसळलं म्हणजे ताक होत नाही, रवीनं घुसळावं लागतं.

उन्हात कोणाचं अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा भोवळ आली, तर पन्हं करत बसू नका. सावलीत न्या, अंग पाण्यानं ओलं करा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

५. झोप, व्यायाम, तेल

दुपारची झोप फक्त उन्हाळ्यात चालते, कारण रात्री लहान आणि शरीर थकलेलं. इतर ऋतूंत दुपारी झोपल्यानं कफ-पित्त वाढतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांना सूट. रविवारी जेवल्यावर फारच डोळे मिटत असतील तर खुर्चीत बसून डुलकी घ्या. जुन्या वैद्यांनीही तेवढी सवलत दिलेली आहे.

व्यायाम थंडीत आणि वसंतात अंगातल्या ताकदीच्या अर्ध्यापर्यंत, बाकी ऋतूंत त्याहून हलका. अर्धी ताकद ओळखायची कशी? कपाळावर, काखेत घाम आला आणि तोंडानं श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं. जिममधल्या मुलांना हे पटत नाही. मे महिन्यात दुपारी पळायला जाणाऱ्यांना तर काय सांगणार.

अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणं, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपुरतं ठेवू नका. थंडीभर आठवड्यातून दोनदा कोमट तिळाचं तेल लावून अर्ध्या तासानं गरम पाण्यानं आंघोळ. वेळ नसेल तर डोकं, कान आणि तळपाय एवढं तरी. ताप, अपचन किंवा भरलेली सर्दी असेल तेव्हा तेल नाही. आणि न्हाणीघरातली फरशी पुसून घ्या. तेलकट पायानं घसरून माझा अंगठा दोन आठवडे सुजला होता, त्यावर कुठल्याच ग्रंथात उपाय नव्हता.

६. घरात चार माणसं, चूल एक

प्रत्येकाची प्रकृती वेगळी म्हणून चार स्वयंपाक कोणी करणार नाही. मी मूळ जेवण ऋतूप्रमाणे साधं ठेवते: वरण, भात, भाकरी, एक फळभाजी. फरक वरून करायचा. पित्ताचा त्रास असणाऱ्याला तूप जास्त आणि तिखट बाजूला, कफवाल्याला भाताऐवजी भाकरी आणि वर सुंठ, वाताचा त्रास असणाऱ्याला गरम गरम आणि लसणाची फोडणी. ताटात एवढी ढवळाढवळ पुरते.

किती जेवायचं याचं जुनं माप सोपं आहे. पोटाचे चार भाग धरा: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक रिकामा. चौथा भाग रिकामा ठेवणं मला अजूनही आंब्याच्या दिवसांत जमत नाही.

७. वैद्यांकडे कधी आणि काय घेऊन जायचं

ऋतू बदलून तीन आठवडे झाले आणि तक्रार तशीच असेल, तर वही घेऊन जा. वसंतात वमन (औषधानं उलटी), पावसाळ्यात बस्ती (औषधी एनिमा), शरदात विरेचन (औषधानं जुलाब) अशी ऋतूप्रमाणे शोधनकर्मं, म्हणजे शरीरशुद्धीचे उपचार, आहेत. ती घरी करायची नाहीत, आणि तेलमालिशीच्या केंद्रात 'पॅकेज' म्हणून तर नाहीच. वैद्यांची पदवी बीएएमएस किंवा त्यापुढची आहे का, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

जाताना बरोबर घ्या:

- पंधरा दिवसांच्या नोंदींची वही
- चालू ॲलोपॅथी औषधांची यादी, मात्रेसह
- जुने-नवे रिपोर्ट
- घरी घेत असलेल्या चूर्ण-काढ्यांचे मूळ डबे, म्हणजे लेबलवरचे घटक, परवाना क्रमांक आणि मुदत दिसेल

शेवटची वस्तू हमखास विसरते. मीही त्या दिवशी काढ्याचं नाव तोंडीच सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला डबा नेला, तेव्हा कळलं की मुदत संपून आठ महिने झाले होते.